कोयना प्रकल्प आणि महाराष्ट्रातील शिखरकालीन विजेचा प्रश्न : एक ऐतिहासिक परामर्श

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा स्थापित क्षमतेच्या आकड्यांतून सांगितला जातो. कोणत्या वर्षी किती मेगावॉटचे संच उभे राहिले, किती गावांपर्यंत तारा पोहोचल्या, दरडोई वापर किती वाढला, ही माहिती आवश्यकच आहे. परंतु तिच्यातून एक मूलभूत प्रश्न निसटून जातो. वीज ही मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवण्यास अत्यंत अवघड अशी वस्तू आहे. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. मागणी मात्र दिवसभर सारखी राहत नाही. पहाटे ती खाली असते, सकाळी चढते, आणि दिवेलागणीच्या सुमारास घरे, दुकाने व पंप एकाच वेळी सुरू झाले की अल्पावधीत झपाट्याने वाढते. निर्मिती आणि मागणी यांत तफावत पडली की वारंवारता ५० हर्ट्झपासून ढळू लागते; तफावत फार वाढली तर संपूर्ण जाळेच कोसळते. म्हणून राज्याजवळ किती वीज आहे या प्रश्नाइतकाच ती किती चटकन वाढविता अथवा कमी करता येते, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अहोरात्र एकसारखी चालणारी क्षमता ती पायाभाराची, आणि मागणीच्या चढउताराबरोबर चालू-बंद करता येणारी ती शिखरभाराची किंवा लवचीक क्षमता, असा भेद अभियंते करतात. कोळशावरील संच थंड अवस्थेतून सुरू करावयाचा तर कित्येक तास लागतात आणि तो वारंवार चालू-बंद केल्यास बाष्पक व चक्की यांचे आयुष्य घटते. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो. महाराष्ट्रात या लवचीक क्षमतेचा इतिहास म्हणजे मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यावर अडवून पश्चिमेकडे वळविलेल्या पाण्याचा इतिहास होय. प्रस्तुत निबंधात कोयना प्रकल्पाच्या आधारे त्याचा परामर्श घेतला आहे. लवचीकता हा केवळ यंत्राचा गुण नसून ती लवाद, करार आणि दर यांनी घडविली वा बिघडविली जाते, असे या इतिहासावरून दिसते.

घाटमाथ्यावरील पूर्वपीठिका

कोयनेच्या आधी टाटांच्या योजना होत्या. जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या निधनानंतर (१९०४) त्यांच्या वारसांनी प्रत्यक्षात आणली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोली येथील वीजगृहातून मुंबईकडे वीज वाहू लागली. लोणावळ्याच्या पठारावर पाणी साठवावे आणि ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडावे, ही रचना पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथेही वापरण्यात आली. ग्राहक मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्या होत्या. गिरण्यांची मागणी कामाच्या तासांशी बांधलेली असे. रात्री व सुटीच्या दिवशी ती उतरे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळणारे पाणी वर्षभर पुरवायचे, आणि तेही गिरणीच्या भोंग्याबरोबर, हे या धरणांचे मूळ काम होते. त्या काळी 'लवचीक क्षमता' असा शब्दप्रयोग कोणी केला नसेल. परंतु वस्तू तीच होती.

तिची किंमत कोणी दिली हेही नोंदविले पाहिजे. भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशी खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ पासून झालेला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वामुळे सर्वपरिचित असलेला मुळशी सत्याग्रह हा धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात अग्रभागी आहे. मावळातील शेतकऱ्याची भातखाचरे आणि मुंबईच्या गिरणीतील चात्या यांच्यातला हा व्यवहार एकतर्फी होता. पुढे कोयनेच्या खोऱ्यात त्याची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली.

कोयना : पायाभारापासून शिखरभारापर्यंत

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. नदी घाटमाथ्याच्या इतकी जवळून वाहते की बोगद्याने पाणी पश्चिमेकडे नेल्यास सुमारे पावणेपाचशे मीटरांचा शीर्षपात मिळतो. ही गोष्ट टाटांच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हेरली होती, परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक परिस्थितीत योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ती हाती घेतली. १९५४ च्या सुमारास काम सुरू झाले. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील पहिला संच चालू झाला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० ची, म्हणजे मंडळ आणि कोयना एकाच वयाची. दुसऱ्या टप्प्यातील संच १९६७ पर्यंत आले. या दोन टप्प्यांची क्षमता आज ६०० मेगावॉट धरली जाते.

साठच्या दशकात कोयना ही राज्याच्या जाळ्याचा पाया होती. विदर्भातील मोठी औष्णिक केंद्रे अद्याप उभी राहावयाची होती. मुंबई-पुण्याचे उद्योग बऱ्याच अंशी या एका धरणावर अवलंबून होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या अवलंबित्वाची जाणीव करून दिली. सुमारे साडेसहा रिश्टर तीव्रतेच्या त्या धक्क्यात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि वीजपुरवठा खंडित झाल्याने मुंबईच्या उद्योगांनाही झळ पोहोचली. भूकंपाची कारणमीमांसा आणि जलाशयाशी त्याचा संबंध यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वीजव्यवस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे : एकाच केंद्रावर पाया रचणे धोक्याचे आहे, हे त्या पहाटे उघड झाले.

यानंतरच्या दोन दशकांत चित्र पालटले. भुसावळ, नाशिक, परळी, कोराडी आणि पुढे १९८३ पासून चंद्रपूर येथे कोळशावरचे संच उभे राहिले. पायाभार कोळशाकडे गेला. दरम्यान १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोळकेवाडी येथे तिसरा टप्पा (३२० मेगावॉट) पूर्ण झाला. पोफळीचे अवजल तेथे पुन्हा अडवून आणखी एकदा खाली सोडण्यात येऊ लागले. मात्र कोयनेचे स्वरूप बदलण्यास कोळशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, एक न्यायिक निर्णय कारणीभूत ठरला.

कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) १९७३ मध्ये निर्णय दिला व १९७६ मध्ये तो अंतिम झाला. खोऱ्याबाहेर पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर त्याने मर्यादा घातली. टप्प्याटप्प्याने कमी करीत कोयनेसाठी ही मर्यादा वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट (टीएमसी) अशी ठरली. जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. धरण कितीही भरलेले असो, ठरलेला कोटा संपला की पश्चिमेकडील दरवाजा बंद. येथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण पुढील सर्व इतिहास त्यात साठलेला आहे.

पोफळीच्या शीर्षपातावर एक अब्ज घनफूट पाण्यापासून स्थूलमानाने सव्वातीन कोटी युनिट वीज मिळते. म्हणजे ६७.५ अब्ज घनफुटांपासून सुमारे २१५ कोटी युनिट. पहिल्या दोन टप्प्यांचे ६०० मेगावॉटचे संच ही वीज वर्षभरात सुमारे ३,६०० तासांत, म्हणजे सरासरी रोज दहा तास चालून निर्माण करू शकतील. आता त्याच पाण्यावर आणखी १,००० मेगावॉटचे संच बसविले तर? एकूण १,६०० मेगावॉट, आणि तीच वीज सुमारे १,३५० तासांत, म्हणजे रोज पावणेचार तासांच्या आत. सर्व संच पूर्ण क्षमतेने अखंड चालविले तर दोन महिन्यांत वर्षाचे पाणी संपेल. एकूण विजेत लक्षणीय वाढ नाही, अधिक पाणीही नाही. तरीही हजार मेगावॉटची भर. सामान्य वाचकाला हा व्यवहार तोट्याचा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्याने दिवसभर पसरलेले पाणी सायंकाळच्या काही तासांत एकवटले, आणि जाळ्याला नेमकी त्याचीच गरज होती.

चौथा टप्पा

जागतिक बँकेच्या १९८९ मधील कर्जाच्या साहाय्याने हाती घेतलेला कोयनेचा चौथा टप्पा म्हणजे हा विचार होय. प्रत्येकी २५० मेगावॉटचे चार संच भूगर्भातील वीजगृहात बसविण्यात आले. जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी बोगदा जोडण्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी पाण्याखाली स्फोट घडवून 'लेक टॅपिंग' करण्यात आले. आशिया खंडातील हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. २०१२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा तो करण्यात आला. वृत्तपत्रांनी या दोन्ही घटनांचे वर्णन अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून केले आणि ते योग्यही होते; परंतु चौथ्या टप्प्यामागील आर्थिक तर्क, म्हणजे तेवढ्याच पाण्यात अधिक मेगावॉट, क्वचितच सांगितला गेला. पायथा वीजगृहाचे ४० मेगावॉट धरून कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट झाली.

हिशेबाची पद्धत मात्र बदलली नाही. वीज युनिटमध्ये मोजावयाची आणि युनिटच्या दरानेच तिची किंमत करावयाची, ही जुनी सवय राहिली. जुन्या भांडवलावर उभ्या असलेल्या कोयनेची वीज त्यामुळे कागदावर अत्यंत स्वस्त दिसते. पहाटे तीन वाजताचे युनिट आणि सायंकाळी सात वाजताचे युनिट यांचे मोल सारखे नाही, हे तत्त्व मान्य होण्यास भारतात नवे शतक उजाडावे लागले. १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात, आणि देशात सर्वप्रथम, उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. तिच्यात ठरलेल्या कार्यक्रमापेक्षा कमी-अधिक घेतलेल्या विजेची किंमत त्या क्षणीच्या वारंवारतेवरून ठरू लागली. वारंवारता घसरली असता वीज ओढणाऱ्यास अधिक पैसे मोजावे लागत. यामुळे कोयनेसारख्या केंद्राचे खरे मोल प्रथमच रुपयांत दिसू लागले, असे म्हणता येईल.

एक विसंगत प्रकरण : दाभोळ

चौथा टप्पा पूर्णत्वाला जात असतानाच, कोयनेचे पाणी ज्या जिल्ह्यात उतरते त्याच रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा एक प्रकल्प उभा राहिला. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची राजकीय कथा सर्वश्रुत आहे. ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयाशी निगडित अशा दोनच गोष्टी पाहावयाच्या आहेत. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पास अर्थसाहाय्य नाकारले, तेव्हा तिच्या आक्षेपांत आयात द्रवरूप वायूवर पायाभाराची एवढी मोठी क्षमता उभी करणे आर्थिकदृष्ट्या योग्य नाही, हा मुद्दा होता. वायूवरील चक्कीचे यंत्र तसे लवचीक असते. परंतु वीजखरेदी करार असा होता की वीज घेतली किंवा न घेतली तरी क्षमतेचा मोबदला मंडळाने द्यावयाचा. यंत्र वाकणारे, करार न वाकणारा.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झालेल्या पहिल्या टप्प्याची वीज इतकी महाग पडू लागली की मंडळाने ती गरजेपुरतीच, म्हणजे शिखरकाळात, मागण्यास सुरुवात केली. २८ जानेवारी २००१ रोजी थंड अवस्थेतून सुरू केलेला संच करारात ठरलेल्या वेळेत पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचला नाही, असा दावा मंडळाने केला आणि सुमारे ४०० कोटी रुपयांची आकारणी केली. कंपनीने तो फेटाळला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मंडळाने वीज घेणे थांबविले. पायाभारासाठी बांधलेल्या प्रकल्पाचे भवितव्य अखेरच्या काळात तो किती मिनिटांत भार उचलतो या प्रश्नावर येऊन थांबावे, यात इतिहासाचा उपरोध आहे. अर्थात वादाचे खरे मूळ किमतीत होते, हे विसरता येणार नाही.

भारनियमनाची वर्षे

दाभोळच्या अनुभवानंतर नवी क्षमता उभारण्याची गती मंदावली आणि मागणी वाढतच राहिली. २००५ ते २०१२ या काळात राज्यातील शिखरकालीन तूट चार-पाच हजार मेगावॉटपर्यंत गेली. लवचीक क्षमता अपुरी असली की लवचीकता मागणीकडून वसूल केली जाते. तिचेच नाव भारनियमन. ते सर्वांवर सारखे पडले नाही. मुंबईला स्वतंत्र वितरणव्यवस्था व टाटांच्या जलविद्युत केंद्रांचे कवच होते. ग्रामीण भागात मात्र दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, आणि कृषिपंपांसाठी ती रात्रीच्या वेळी मिळे. रात्री विंचू-सापाच्या भीतीने शेतात पाणी धरायला जाणारा शेतकरी हा एका अर्थाने शहराच्या सायंकाळचा भार आपल्या अंगावर घेत होता. ज्या महाविद्यालयांतून संध्याकाळच्या सत्रांत अध्यापन चालते, तेथील अध्यापकांनाही त्या काळातील मेणबत्त्यांची आठवण असेल.

२००६ मधील 'पुणे मॉडेल' हा या काळातील एक उल्लेखनीय प्रयोग. उद्योगांकडे पडून असलेले डिझेल जनित्रसंच शिखरकाळात चालवावयाचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यावयाची, आणि जादा खर्च ग्राहकांनी उचलावयाचा, अशी ही व्यवस्था वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने झाली. पुणे भारनियमनातून सुटले. जनित्रे महाग व धूर ओकणारी होती, हे खरे; तरीही लवचीक क्षमतेसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात ही गोष्ट ग्राहकाच्या देयकात उघडपणे लिहिली गेली, याचे श्रेय त्या प्रयोगाला द्यावे लागेल.

पाणी वर नेण्याचा उपाय

कोटा संपला तरी पाणी संपत नाही, जर तेच पाणी पुन्हा वर नेता आले तर. रात्री जादा असलेल्या विजेने खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावे आणि सायंकाळी ते पुन्हा सोडावे, हा उदंचन योजनेचा सोपा विचार आहे. वर नेण्यास जितकी वीज लागते तितकी खाली सोडताना परत मिळत नाही, हा तोटा पत्करून ती केली जाते. भिरा येथे १९९० च्या दशकात १५० मेगावॉटचा संच या पद्धतीने बसविण्यात आला. जपानच्या कर्जाने झालेला घाटघर प्रकल्प (२५० मेगावॉट) २००८ मध्ये कार्यान्वित झाला. त्याचा वरचा जलाशय अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, तर खालचा ठाणे जिल्ह्यात आहे. सह्याद्रीची भिंत येथे पुन्हा उपयोगी पडली.

पुढील दशकात जाळ्यात सौरऊर्जेचा शिरकाव झाल्यावर या योजनांकडे नव्याने लक्ष गेले. दुपारी वीज मुबलक, सूर्य मावळताच ती शून्यावर आणि नेमकी तेव्हाच मागणी शिखरावर, हा पेच नवा आहे. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने पंपांना दिवसा वीज देण्याचा मार्ग काढला, म्हणजे पूर्वी रात्री ढकललेला भार पुन्हा दिवसाकडे आणला. औष्णिक केंद्रांनाही आता वाकावे लागत आहे : केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशावरील संचांना आपला किमान भार ५५ टक्क्यांपर्यंत व पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी राज्य शासनाने उदंचन प्रकल्पांसाठी धोरण जाहीर केले. पश्चिम घाटातील जंगले आणि वस्त्या यांच्यावर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रश्न मुळशीच्या वारशातूनच आलेला आहे.

जलविद्युतेचे मोल अलीकडच्या दोन प्रसंगांनी सर्वांसमोर आले. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी देशभर दिवे मालविण्यात आले, तेव्हा मागणी ३१ हजार मेगावॉटहून अधिक घसरली आणि तितक्याच वेगाने परत चढली. हा हेलकावा प्रामुख्याने जलविद्युत केंद्रांनी सावरला. काही मिनिटांत त्यांची निर्मिती सतरा हजार मेगावॉटहून अधिक खाली आणून पुन्हा वर नेण्यात आली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई महानगर अंधारात गेले, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. शहराला उर्वरित जाळ्यापासून अलग करून जिवंत ठेवण्याची योजना त्या दिवशी यशस्वी झाली नाही; पुरवठा पूर्ववत करताना ट्रॉम्बेच्या जोडीला टाटांचे जलविद्युत संचही कामी आले. खोपोलीच्या प्रारंभानंतर एकशेपाच वर्षांनी तेच पाणी त्याच शहराच्या उपयोगी पडले.

पाण्यावरचा वाद

लवचीक क्षमतेचा हा सर्व डोलारा ज्या पाण्यावर उभा आहे, त्यावर आता दुसरे दावेदार आहेत. कोयना धरणाची साठवणक्षमता दरवाजांची उंची वाढवून सुमारे १०५ अब्ज घनफूट करण्यात आली. पश्चिमेकडे जाणारे पाणी वजा जाता उरलेले पूर्वेकडील सिंचनाला मिळते. २०२३ सारख्या अपुऱ्या पावसाच्या वर्षी सांगली जिल्ह्यातील ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी जोर धरते, आणि वीजनिर्मितीचा वाटा कमी करावा काय, असा प्रश्न उभा राहतो. टाटांच्या धरणांतून पश्चिमेला जाणारे सुमारे ४२ अब्ज घनफूट पाणी भीमा खोऱ्याला परत द्यावे, ही मागणीही याच स्वरूपाची आहे. दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याला सायंकाळच्या वारंवारतेचे महत्त्व पटवून देणे अवघड आहे, आणि त्याने ते का ऐकावे, हाही प्रश्नच आहे. कोकणातही हे पाणी वादातीत नाही. जुलै २०२१ मधील चिपळूणच्या महापुरानंतर कोळकेवाडीच्या विसर्गाविषयी झालेली चर्चा अद्याप लोकांच्या स्मरणात आहे.

शिवसागर जलाशयामुळे सुमारे शंभर गावे बाधित झाली. विस्थापितांपैकी अनेकांची रवानगी ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत झाली. पहिला संच फिरू लागल्यानंतर सहा दशके उलटली तरी पर्यायी जमिनी, सातबारा आणि नागरी सुविधा यांसाठी त्यांची आंदोलने चालू राहिली. कोयनेच्या युनिटची किंमत आजही राज्यातील सर्वांत स्वस्त विजेत गणली जाते. तिच्या हिशेबात या गावांची नोंद कोणत्याही रकान्यात नाही.